यथाशक्तीचं बटण

“शुभांगी, तुमच्या पेमेंटमध्ये बग आहे. सगळ्या रकमा एकवर संपतायत.”

फोनवर बेंगळुरूहून नित्या होती. मंगळवार, सकाळी साडेनऊ. हिंगोलीतल्या आमच्या ऑफिसचं शटर मी अर्धंच वर केलं होतं आणि कुलूप अजून हातातच होतं.

“एकवर म्हणजे?”

“अकरा. एकवीस. अकरा. एकावन्न. परत अकरा. दहा नाही, वीस नाही, पन्नास नाही. कुठेतरी प्लस वन होतंय. कोड बघ आणि मला सांग.”

नित्या अर्धं हिंदी आणि अर्धं इंग्रजी बोलते. इथे मी तिला मराठी बोलायला लावतेय. तिची हरकत नसावी.

आम्ही कॉम्प्युटरवर आणि फोनवर खेळायचे गेम बनवतो. आम्ही म्हणजे दोघी. कोड मी लिहिते, चित्रं सविता राठोड काढते. मी पुण्यात बारा वर्षं नोकरी करून परत आलेली. सविता औंढा नागनाथजवळच्या तांड्यावरची. आधी ती औंढ्यातल्या एका दुकानात फ्लेक्स डिझाइन करायची. वाढदिवस, निवड, अभिनंदन, जे येईल ते. एकदा मी तिथून जाताना एका दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बघितला. दादांच्या डोक्यामागे वाघ होता, आणि वाघ दादांपेक्षा कितीतरी जिवंत होता. मी दुकानात शिरून विचारलं, वाघ कोणी काढला? अशी आमची ओळख.

दोन वर्षं खपून आम्ही एक गेम केला. एक जुनं दगडी देऊळ पडलंय, दगड इतस्ततः विखुरलेत. खाचा, नक्षी, तुटलेल्या कडा बघून प्रत्येक दगड जागेवर बसवायचा. देऊळ उभं राहिलं की घंटा वाजते. एवढंच. पण सविताने त्यातला एकेक दगड वेगळा काढला होता.

नित्याची कंपनी बंडल विकते. बंडल म्हणजे पाच-सहा गेमची एकत्र मोट. तिची किंमत ठरलेली नसते, घेणाऱ्याने वाटेल तेवढे द्यायचे. त्यातला एक वाटा गेम बनवणाऱ्यांना, एक कंपनीला, एक समाजकार्याला. ऐकणारा पहिल्यांदा हसतो. म्हणतो, मग रुपयाच देतील की लोक. काही जण देतातही. पण बरेच जण बऱ्यापैकी देतात, आणि ते किती देतील हे कशावर ठरतं, याच अभ्यासावर पुण्यात माझं पोट चालायचं. म्हणजे या विषयातलं मला कळतं, असा माझा समज होता.

बंडल चौदा दिवस चालणार होतं. माझ्या हट्टापायी कंपनीने पहिल्यांदाच मराठी पेज केलं होतं. करार सरळ होता. मराठी पेज चाललं तर आमच्या पुढच्या गेमला अॅडव्हान्स. नाही चाललं तर काही नाही. आणि काही नाही म्हणजे आमच्याकडे खरोखरच काही नव्हतं. माझा पीएफ भाड्यात आणि सविताच्या पगारात संपला होता. मला पुण्यात कुठेही नोकरी मिळाली असती. प्रश्न सविताचा होता.

“मला काय, परत दादांच्या मागं वाघ लावायचे,” ती हसत म्हणायची. मला ते हसू बघवायचं नाही.

तर बग. दुपारपर्यंत मी सगळा कोड चाळला. बग नव्हता. लोकांनी स्वतःच्या बोटांनी अकरा टाइप केलं होतं. मी तसं कळवलं. तासाभरात नित्याचा परत फोन, आणि आवाज बदललेला.

“रिस्क टीम म्हणतेय, कार्ड टेस्टिंग आहे.”

हा शब्द सांगायला हवा. चोराच्या हाती दुसऱ्यांची कार्डं लागली की ती चालतात का, हे बघायला तो आधी कुठेतरी दहा-वीस रुपयांची किरकोळ खरेदी करतो. चाललं की मग मोठा हात मारतो. त्यामुळे एकाच पेजवर सारख्याच छोट्या रकमा दिसल्या की रिस्क टीमचे कान उभे राहतात.

“अगं, पण चोर अकरा कशाला टाकतील?”

“ते मला माहीत नाही. पण अजून एक गोष्ट. यातल्या बहुतेकांनी गेम डाउनलोडच केला नाहीये. पैसे भरले आणि माल उचललाच नाही. असं माणूस करतो का, शुभांगी?”

मी वेळ मागितला. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंतची मुदत मिळाली. तोपर्यंत ही खरी माणसं आहेत हे दाखवायचं. नाहीतर मराठी पेज बंद, सगळे पैसे परत, आणि आमचं नाव त्यांच्या लाल यादीत.

खरेदी करणाऱ्यांचे फोन नंबर सपोर्टसाठी आमच्याकडे असतात. मी पहिला लावला.

“नमस्कार, मी गेम बंडलकडून बोलतेय. आपण अकरा रुपये भरले होते, त्याबद्दल थोडी माहिती...”

“ओटीपी सांगणार न्हाई!” फोन बंद.

दुसऱ्याने पोलिसात देईन म्हणून सांगितलं. तिसऱ्याने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बोला बोला, मी रेकॉर्ड करून राहिलो.” माझा पुणेरी सूर नडतोय असं वाटून मी फोन सविताकडे दिला.

“काका, मी औंढ्याकडली हाय. चोर न्हाई वो.”

“औंढ्याची असो न्हाई तर दिल्लीची. ओटीपी भेटणार न्हाई.”

म्हणजे कंपनीला गिऱ्हाईक चोर वाटत होतं, गिऱ्हाइकाला आम्ही चोर वाटत होतो, आणि मधल्या मध्ये आमचं सँडविच. बुधवारी संध्याकाळपर्यंत कोणीही धड बोललं नाही. मी चिडून डोकं टेबलावर ठेवलं. सविताने चहा सांगितला आणि सपोर्टची मेलबॉक्स उघडून बसली. ती उघडायचं मला सुचलं नव्हतं. तक्रारी वाचायचा मला कंटाळा आहे.

त्यात एक मेल होती. “महोदय, मी गेल्या आठवड्यात रुपये एकवीस भरले आहेत. अद्याप पावती मिळालेली नाही. तरी पावती पाठवावी, ही नम्र विनंती. आपला, दत्तराव, मु. पो. कुरुंदा.” खाली फोन नंबर.

सविता मेल वाचून गालातल्या गालात हसली.

“काय गं?”

“काही न्हाई ताई. जाऊन येऊ आपण कुरुंद्याला. समोर माणूस बघितला तर बोलतील.”

गुरुवारी सकाळी मी हिंगोलीहून एसटी धरली, सविता औंढ्याला चढली. पुढे जीप. कुरुंद्यात उतरलो तिथे एका देवळाच्या सभामंडपाचं काम चाललं होतं. स्लॅबच्या सळया वर आलेल्या, शेजारी वाळूचा ढीग, आणि खांबाला बांधलेला मोठा फ्लेक्स. सविता तिथे थांबली.

“हा मीच केला होता, दुकानात असताना.”

मी वर बघितलं. देवळाचं चित्र, देवाचा फोटो, खाली ठळक अक्षरांत ‘जीर्णोद्धारासाठी यथाशक्ती देणगी द्यावी’. छान झालाय, असं काहीतरी मी म्हणाले आणि दत्तरावांचं घर विचारायला पुढे गेले. माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

दत्तराव साठीच्या आसपासचे. घरासमोरच्या मोकळ्या जागेत शिजवलेली हळद वाळत घातलेली. ते आणि त्यांच्या पत्नी गयाबाई खराब हळकुंडं वेचून बाजूला काढत होते. मी नाव सांगितलं. दत्तरावांनी हात झटकले.

“पावती आनली का?”

“त्यासाठीच आलोय. पण काका, तुम्ही पैसे कशासाठी भरले होते, ते आधी सांगता का?”

“कशासाठी म्हंजे? देवळासाठी.”

“कुठल्या देवळासाठी?”

“ते तुमाला ठाऊक! मेव्हण्यानं व्हॉट्सअॅपवर पाठवलं. उघडलं तर दगडाचं देऊळ, पडून राहिलेलं. खाली लिहिलं, यथाशक्ती द्या. त्याच्या खाली, काही वाटा समाजकार्याला. म्हटलं कुठंतरी जीर्णोद्धार चालू असंल. टाकले एकवीस.”

“आणि गेम?”

“कोनता गेम?”

मी तिथेच बाजेवर बसले. कंपनीच्या भाषांतरात बटणावर होतं, ‘तुम्हाला हवे ते भरा’. मला ते रुक्ष वाटलं. भाषेचा मला फार पुळका. मी ते खोडून ‘यथाशक्ती द्या’ केलं आणि दिवसभर स्वतःवर खूश होते. सविता तेव्हा म्हणाली होती, ताई, हा शब्द जीर्णोद्धाराच्या फ्लेक्सवर असतो. मी म्हणाले होते, अगं, शब्दाचं सौंदर्य बघ जरा. आता ते सौंदर्य सगळं डोळ्यांसमोर आलं. मराठी पेजवर सगळ्यात वर आमच्या गेममधल्या पडक्या देवळाचं चित्र, खाली यथाशक्ती. लोकांनी देणगी दिली, अकरा, एकवीस, एकावन्न, रीतीप्रमाणे. देणगी देऊन डाउनलोड कोण करतं? देणगीची पावती मागतात.

सविता हळदीकडे बघत होती. ‘मी म्हटलं होतं’ असं ती म्हणाली नाही. त्याचीच मला जास्त लाज वाटली.

“सविता, चूक माझी आहे.”

“व्हय ताई,” ती लगेच म्हणाली.

आलोच आहोत तर दाखवू, म्हणून लॅपटॉप बाजेवर ठेवून मी गेम सुरू केला. दत्तरावांनी चष्मा लावून बघितलं, दोन दगड चुकीचे बसवले आणि म्हणाले, हे पोरासोरांचं काम. गयाबाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “तो दगड तिथला न्हाई. त्याची खाच दुसऱ्या अंगाला हाय.”

“मंग तूच लाव.”

त्यांनी पदराला हात पुसले आणि बसल्या. माउस धरायला पाच मिनिटं लागली. त्यानंतर अर्धा तास कोणाकडे बघितलं नाही. दत्तराव सल्ले द्यायला लागले तेव्हा “तुमी गप बसा जरा” एवढंच बोलल्या. शेवटचा दगड बसला, घंटा वाजली आणि गयाबाईंनी नकळत हात जोडले. मग स्वतःच हसल्या.

“कोनी काढलं हे समदं?”

“मी,” सविता म्हणाली.

“तू? कुठली गं?”

“औंढ्याजवळच्या तांड्यावरची. दोन वर्सं लागली काढायला.”

“आपल्याकडलीच की! अन् मला वाटलं इदेसातून आलं असंल.”

दत्तरावांनी खिशातून फोन काढला. “मंग याचे किती द्यायचे?”

“तुम्हाला वाटेल तेवढे,” मी सवयीने म्हणाले.

ते वैतागले. “असं कसं? बाकीच्यांनी किती दिले?”

आमच्या धंद्यातला हा सगळ्यात नाजूक प्रश्न. किंमत ठरलेली नसली की माणूस शेजाऱ्याच्या खिशाकडे बघतो. सरासरी सांगितली की तो तिच्याच आसपास थांबतो, मग ती वर असो की खाली. आमची सरासरी सांगितली असती तर एकवीसवर अजून एकवीस मिळाले असते.

“काका, तुमच्या हळदीचा भाव कोण करतं?”

“बिटात व्यापारी करतो.” बीट म्हणजे मोंढ्यातला लिलाव. “पर तो आधी हळकुंड मोडून बघतो. मोडून न बघता भाव सांगनाऱ्याला मी ढिगाजवळ उभं करत न्हाई.” त्यांनी एक वाळलेलं हळकुंड उचलून टक्‌कन मोडलं आणि आतला रंग माझ्यापुढे धरला. “तुमी तर आमाला न मोडताच भाव इचारला.”

मी बारा वर्षं प्रेझेंटेशनं केली. इतकं सोपं कधी कोणाला सांगता आलं नव्हतं.

“आता मोडून बघितलंत ना. करा भाव.”

दत्तरावांनी पत्नीकडे बघितलं. गयाबाई लॅपटॉपवर पुढची लेव्हल शोधत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “पाचशे एक द्या. दोन वर्सं घातली म्हन्ती पोरीनं.”

“पाचशे एक?”

“त्या फोनचं कव्हर कितीला आनलं तुमी?”

पाचशे एक आले. मी तिथूनच नित्याला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन दत्तरावांच्या हातात दिला. त्यांनी ठेवणीतली हिंदी काढली.

“हां जी, मैंच दिया वो एकवीस. चोर-बिर कोई न्हाई. रसीद भेजो पहले.”

नित्या हसता हसता खोकायला लागली. मग विचारलं, “अंकल, पण वरचा एक कशाला?”

“शून्यावर काम बंद होतं, बाई. वर एक ठेवला की येनंजानं चालू राहतं.”

एका माणसावरून रिस्क टीम मानणार नव्हती. ते काम दत्तरावांनी केलं. मेव्हण्याला फोन लावून त्यांनी आधी त्याला झापलं, मग म्हणाले, ज्यांना ज्यांना लिंक पाठवली त्यांना सांग, बायका खऱ्या आहेत, ओटीपी मागत नाहीत. शुक्रवारी दुपारपर्यंत पंधरा-वीस जणांनी आपणहून फोन केले. प्रत्येकाने पावती मागितली, आणि मी प्रत्येकाला नित्याशी जोडून दिलं. सहाच्या आधी नित्याचा मेसेज आला, रिस्क टीमने फाइल बंद केली. सविताने खुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही हात वर केले आणि मोठ्याने ओरडली. तिला ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

पण पेज वाचलं म्हणजे चाललं असं नाही. हातात एक आठवडा होता.

“सोमवारपर्यंत सरासरी वर गेली पाहिजे,” नित्या म्हणाली.

“पी हळद अन् हो गोरी, असं नसतं, नित्या.”

“म्हणजे?”

“म्हणजे काम करू दे.”

सगळ्यात आधी आम्ही पैसे भरलेल्या सगळ्यांना लिहिलं, हे देऊळ खरं नाही, हा गेम आहे, माफ करा, पैसे परत हवे असतील तर लगेच देतो. काहींनी परत घेतले. बरेच जण मात्र गेम उघडून बसले आणि त्यातले कितीतरी पुन्हा येऊन वर पैसे देऊन गेले. मग बटण बदललं. ‘यथाशक्ती’ गेलं, ‘भाव तुम्ही करा’ आलं. हे शब्द सविताचे. बटणाच्या आधी पहिली लेव्हल फुकट ठेवली, हळकुंड मोडून बघायला. आणि गेम कोणी केला, हे वरच लिहिलं. फोटोबद्दल मी सविताला विचारलं. घरचे काय म्हणतील याचा विचार करून मीच अवघडले होते.

“टाका की,” ती म्हणाली. “पर लग्नातला नगं. काम करतानाचा टाका.”

सरासरीवरून नित्याशी भांडण झालं. त्यांच्या प्रत्येक पेजवर आतापर्यंतची सरासरी दिसते. मी म्हटलं, आत्ता दाखवू नको, ती देणगीची सरासरी आहे, गेमची नाही. ती म्हणाली, लपवणं बरोबर नाही. दोघींचंही खरं होतं. शेवटी ठरलं की जुना आकडा बाजूला ठेवायचा, नव्या बटणापासून नवी सरासरी मोजायची आणि पहिल्या दिवसापासून उघडी दाखवायची.

“आणि ती पण खालीच आली तर?” नित्याने विचारलं.

“तर शटर.”

राहिली पावती. लोक मागतायत तर देऊ, म्हणून सविताने एका दुपारी बनवली. हळदी रंगाची किनार, कोपऱ्यात देवळाचा दगड, मध्ये नाव, गाव आणि ‘अक्षरी रुपये’. मला वाटलं, गंमत आहे. दुसऱ्या दिवशी ती पावती लोकांच्या स्टेटसवर दिसायला लागली. आता अकरा रुपयांची पावती कोणी स्टेटसला लावत नाही. सहजच एकशे एक व्हायला लागले, पुढे दोनशे एक. लाजेकाजेने कोणी जास्त द्यावेत हे मला पटेना, म्हणून ‘रक्कम छापू नका’ अशी एक चौकट ठेवली. ज्यांनी तिथे टिक केली त्यांतल्या काहींच्या रकमा सगळ्यात मोठ्या निघाल्या. माणसाचा अंदाज येत नाही, हेच खरं.

चौदाव्या दिवशी बंडल संपलं. मराठी पेजने इंग्रजीला मागे टाकलं नाही, तसल्या गोष्टी सिनेमात होतात. पण खांद्याला खांदा लावून उभं राहिलं. कंपनीने पावती सगळ्या भाषांमध्ये घेतली, खाली सविताच्या नावासकट. दत्तरावांनी त्यांची पावती लॅमिनेट करून हळदीच्या पोत्यांवरच्या भिंतीला लावलीय. गयाबाईंनी फोन करून विचारलं, पुढचं देऊळ कधी?

पुढचा गेम देवळाचा नाही. तांड्याचे बैल पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे, त्या वाटांचा आहे. सविताच्या आजोबांकडून ऐकलेल्या वाटा. बैल तिने काढायला घेतलेत. वाघापेक्षा भारी आहेत.

त्याचा करार मेलने आला तेव्हा मी कोडमध्ये होते. अॅडव्हान्सची रक्कम सविताने वाचली, परत वाचली.

“ताई, ह्यात बग हाय.”

मी घाबरून खुर्ची सरकवली. आमच्या दोघींचं पुढचं वर्ष त्या आकड्यात होतं. आकडा बरोबर होता, ठरला होता तेवढाच. फक्त शेवटी शून्य नव्हतं. एक होता. खाली नित्याने लिहिलं होतं, येणंजाणं चालू राहू दे.

सविता डोळे पुसून परत बैल काढायला बसली.

धंद्याचा धडा म्हणाल तर एकच. आता बटणावर शब्द टाकायच्या आधी मी शब्दकोश उघडत नाही. सविताला विचारते, हा कुठल्या फ्लेक्सवर असतो?